नवनीतचा उघडा राहिलेला डेस्कटॉप

मी लिहितोय ते घडलेलं आहे. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. या पानावर लोक रात्रीच्या गोष्टी लिहितात. माझी गोष्ट भर दुपारची आहे.

३० एप्रिल २०२५. बुधवार. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. गाव रनाळे, तालुका नंदुरबार.

माझं नाव दोधू. वय त्र्याहत्तर. मी शाळेत गेलो नाही. चोपन्नाव्या वर्षी अक्षर शिकलो, तेही नातीकडून. काजल तेव्हा दुसरीत होती. ती संध्याकाळी शाळा शाळा खेळायची आणि मी तिचा एकटा विद्यार्थी. त्यामुळे मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. आणि एक सवय राहिली. मला मनातल्या मनात वाचता येत नाही. अक्षर दिसलं की ते तोंडातून बाहेर पडतं. एसटीत मी सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत जातो. शेजारचे हसतात.

त्या सवयीने त्या दिवशी काय केलं, ते सांगतो.

काजल पुण्याला एका संस्थेत तापीच्या पुराचा अभ्यास करते. पाणी किती चढलं तर कोणत्या गावात किती शिरेल, याचं चित्र कॉम्प्युटरवर बनवते. त्या दिवशी तिला एक नकाशा दुपारी दोनच्या आत तयार करून पाठवायचा होता. दोन वाजता तिथली सगळी मशीनं आठवडाभर दुरुस्तीसाठी बंद होणार होती. नकाशा गेला नसता तर तिचं पुढच्या वर्षाचं शिक्षण थांबलं असतं. घरात तिच्या लग्नाची घाई चाललेलीच होती. शिक्षण थांबलं असतं तर बाकी सगळं आपोआप ठरलं असतं.

ती म्हणत होती, पुण्यातच थांबते. मी ऐकलं नाही.

"आखाजीले नही उनी तर मी जेवाव नही," असं मी फोनवर म्हणालो.

म्हणून ती आली. हा दोष माझा.

सकाळी अकराला तिने मधल्या खोलीत लॅपटॉप मांडला. आमच्या घरात कूलर त्याच खोलीत आहे. एक दार, आणि ओसरीकडे उघडणारी गज लावलेली एक खिडकी. मी तिच्याजवळ बसलो होतो.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळत होती.

"हाई काय शे व?" मी विचारलं.

"आबा, तुम्ही विहिरीवरली मोटर घर बठीसन मोबाईलवर चालू करतस ना?"

"करस."

"तसंच शे. मोटर तठे, बटण अठे. मन्ही मोटर पुणाले शे. दोनशे मशीनं एकाच खोलीमा, कपाटासारखी उभी. त्याले क्लस्टर म्हणतस."

"दोनशे मोटरी आणि बटण दाबणारी तू एकटी?"

"रांग लागस, आबा. मी म्हणस, माले एक मशीन द्या. नंबर लागना का भेटस. मंग तठला सगळा पडदाच अठे दिसस."

"आणि लाईट गई तर?"

"अठली गई तरी तठलं चालूच ऱ्हास."

"मन्ही मोटर तशी नही बरं. ती लाईट ऱ्हायनी तरी रुसस."

ती हसली. त्या दिवशी ती हसली ती तेवढीच.

बराच वेळ काही जमेना. मशीन मिळालं, पण पडदा येईना. ती सांगत होती की मशीनवर डेस्कटॉप सुरू झाला की त्याला एक नंबर मिळतो. मग आपल्या घरापासून त्या नंबरापर्यंत एक बोगदा पाडायचा, आणि त्या बोगद्यातून पडदा इकडे आणायचा. तिचा बोगदा दोनदा तुटला. आमच्या गावचं नेट असंच आहे.

बारा वाजत आले. मी आगारी टाकायला बाहेर गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांची घागर भरतात. मातीची नवी घागर, वर डांगर म्हणजे खरबूज. निखाऱ्यांवर तूप आणि पोळी-रसाचा घास टाकतात, आणि एकेकाचं नाव घेऊन बोलावतात. बापाच्या नावासह. मग त्याच्या नावाने पाणी सोडतात. आगारीचा धूर थांबेपर्यंत दुसऱ्या घरच्या मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, हे माझ्या बापाने मला बजावलं होतं. का, ते त्याने सांगितलं नव्हतं.

मुलगा सुरतला नोकरीला आहे, म्हणून आगारी मीच टाकतो. बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं, बायकोचं घेतलं. पाणी सोडलं. धूर चांगला निघत होता. गल्लीत पोरींचा झोका बांधलेला होता, त्यांची गाणी ऐकू येत होती.

सून ममता म्हणाली, "आबा, काजलले जेवाले बलावा. मी पानं मांडस."

मी तांब्या हातात तसाच घेऊन मधल्या खोलीत गेलो. उंबऱ्यात उभा राहिलो.

काजलच्या लॅपटॉपवर आता वेगळा पडदा होता. निळा, स्वच्छ. डाव्या कोपऱ्यात एक पिवळी फाईल, आणि तिच्याखाली मराठी अक्षरं.

मी वाचलं. मोठ्याने.

"नवनीत."

तांब्यातलं पाणी हिंदकळलं आणि उंबऱ्यावर पडलं.

काजल वळली. "आबा, तो म्हसावदना व्हता. मन्हा सीनियर. पोस महिनामा गया."

मला माहीत होता तो. तिने सांगितलं होतं. दोंडाईच्याजवळ उसाच्या ट्रॉलीला त्याची मोटरसायकल धडकली. त्याचं अर्धवट राहिलेलं काम संस्थेतल्या सरांनी काजलला दिलं होतं, आणि ते त्याच्याच लॉगिनने चालायचं.

"मी नवा डेस्कटॉप मांगा व्हता," काजल म्हणाली. "हाऊ त्यानाच उघडना. चार महिना झाया, कोणी बंदच करेल नही. एक प्रकारे चांगलंच झायं. त्यानं सगळं आधीच उघडं शे. मन्हा तास वाचना." तिने नकाशा बनवायला टाकला. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरू लागली.

मी उंबरा ओलांडून आत आलो. मागे वळून पाहिलं. आगारीचा धूर अजून निघत होता.

वारा पूर्वेकडे होता. धूर मात्र...

आमच्या खिडकीकडे येत होता.

मग दार लागलं. आपटलं नाही. कोणी हळूच लोटावं तसं लागलं.

मी म्हटलं, वाऱ्याने असेल.

काजल की-बोर्डवरून हात काढून केस बांधत होती. तेव्हा मला आवाज आला. टक. टक टक. बटणं दाबल्याचा.

तिचे दोन्ही हात डोक्यावर होते.

"आबा, तुम्ही काही हात लाया का?"

"मी अठे उभा शे."

पडद्यावरचा बाण हलला. छोटा पांढरा बाण. तो उजवीकडे गेला, पडद्याच्या कडेला लागला, थांबला. मग खाली आला, पुन्हा कडेला लागला. मग डावीकडे. मग वर.

घरात चिमणी शिरते आणि मग तिला बाहेर जाता येत नाही, ती भिंतींवर धडकत फिरते, तसा तो बाण चारी कडांना धडकत होता.

पुन्हा पुन्हा...

काही ठिकाणी जरा जास्त वेळ थांबत होता. तिथं कुठे फट आहे का, ते पाहिल्यासारखा.

"नेट अडकतंय," काजल म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

तिने जोडणी तोडली. पडदा गेला. तिने नवा नंबर मागितला, नवा बोगदा पाडला, पासवर्ड टाकला. पडदा आला.

तोच. निळा. पिवळी फाईल. हिरवी पट्टी अर्धी भरलेली. बाण कडेला लागून थांबलेला.

मी दाराकडे गेलो. कडी लागलेली नव्हती. मी ओढलं. दार हललं नाही. फुगलेलं दार थोडं तरी करकरतं. हे भिंतीसारखं होतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मला काही ऐकू येत नाहीये.

कूलरचा पंखा फिरत होता. आवाज नव्हता. झोक्यावरच्या पोरी गप्प होत्या. मी खिडकीशी गेलो. गल्लीत झोका वरखाली जात होता, पोरींची तोंडं उघडत होती, मिटत होती.

आवाज नव्हता...

ओसरीत, माझ्यापासून चार हातांवर, ममता पानं वाढत होती. मी हाक मारली. गज धरून मारली. तिने मान वर केली. सरळ माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या आरपार पाहावं तसं पाहून पुन्हा वाढायला लागली.

मी खाली बसलो.

"आबा," काजल म्हणाली. "हाई पाहा."

पडद्यावर एक पांढरी चौकट उघडली होती. तिच्यात अक्षरं उमटत होती. एकेक. मधे थांबून. मला वाचता यावीत इतकी सावकाश.

या वेळी मी तोंड दाबून धरलं. तरी ओठ हललेच.

पा...

नी...

"पानी," काजल म्हणाली.

मी ज्याला उंबऱ्यात उभं राहून बोलावलं होतं, तो आला होता. आणि मी त्याला पाणी दिलं नव्हतं. त्याच वेळी म्हसावदला त्याचा बाप त्याच्या पहिल्या वर्षाची घागर भरून त्याला बोलावत असणार. आणि तो आमच्या खोलीत होता.

"त्याना बापनं नाव काय?" मी विचारलं.

"माले नही माहीत, आबा."

"त्याशिवाय पानी सोडता येत नही."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत होतो. बटणांचा आवाज झाला.

न. व. ल.

मी टेबलाच्या पायाशी तांब्या वाकडा केला. "नवनीत, बापनं नाव नवल, ले भाऊ, पानी ले." फरशीवर पाणी पसरलं. मी पाहत असताना ते आटलं. कडेपासून आत, एखाद्याने ओंजळीने उचलावं तसं. फरशी कोरडी झाली. ओलीचा डागही राहिला नाही.

"आते घर जाय," मी म्हणालो. "तुन्ही घागर म्हसावदले भरेल शे. तुन्हा बाप वाट पाही ऱ्हायना."

बराच वेळ काही झालं नाही. मग चौकटीत अक्षरं आली.

दार कोठे शे

बाण पुन्हा कडांना धडकू लागला. आता जोरात.

मी काजलला विचारलं, "तो ज्याना आत शे, त्याले दार नही का?"

मग तिने कोपऱ्यातल्या एका चिन्हाकडे बोट केलं.

"लॉग आऊट शे. ते दाबं का हाऊ डेस्कटॉप कायमना बंद व्हस. त्याले ते सापडी नही ऱ्हायनं."

"मंग दाब."

तिने हात पुढे केला. आणि थांबवला.

हिरवी पट्टी पाऊण भरली होती. घड्याळात एक वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. लॉग आऊट केलं की आतलं सगळं बंद. नकाशाही जाणार. पुन्हा बनवायला तास लागला असता, आणि दोन वाजता मशीनं बंद होणार होती.

"काजल, दाब."

"थोडा टाईम, आबा. वीस मिनिटमा नकाशा व्हई जाई. मंग दाबस."

"आणि त्या आधी मशीन बंद झायं तर? हाऊ कोठे जाई?"

तिने घड्याळाकडे पाहिलं.

"आणि आपण कोठे जासूत?"

तिचे डोळे भरले होते. पण ती पट्टीकडे पाहत होती. "दोन वरीस, आबा. मन्हं दोन वरीसनं काम शे हाई. त्यानं बी दोन वरीसनं शे."

मी आजा आहे. मी तिचा हात धरून ते बटण दाबू शकलो असतो. मला ते चिन्ह दिसत होतं. मी दाबलं नाही. मीच तिला आग्रहाने गावी आणलं होतं. तिचं शिक्षण माझ्या हाताने बुडवायची माझी हिंमत झाली नाही.

आम्ही थांबलो.

ती वीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. खोलीत हवा होती पण श्वास पुरत नव्हता. कूलरपुढे बसून मी घामाने भिजलो होतो. पडद्यावर बाण धडकत होता. चौकटीत अक्षरं येत होती.

दार कोठे शे

दार कोठे शे

काजलने एकदा हात जोडले. "दादा, दहा मिनिट. मी सोडस तुम्हले. दहा मिनिट फक्त."

बाण थांबला.

तिथून पुढे तो हलला नाही. पडद्याच्या मधोमध उभा राहिला. एखादा माणूस दारात टेकून वाट पाहतो, तसा. त्याने ऐकलं होतं. त्याच्या धडकण्यापेक्षा मला ते जास्त भयंकर वाटलं.

एक सत्तावन्न. पट्टी भरली. नकाशा आला. काजलने तो उचलून आमच्या लॅपटॉपवर ओढला. नेट हळू होतं. फाईल मोठी होती.

एक अठ्ठावन्न.

एक एकोणसाठ.

"उनी," ती म्हणाली, आणि लगेच बाण लॉग आऊटकडे नेला. तिने दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, खरंच बंद करायचं का. तिने हो दाबलं.

पडदा काळा झाला.

त्याच क्षणी कूलरचा आवाज कानावर आदळला. झोक्यावरच्या पोरी, भांडी, कुत्रा, सगळं एकदम. मी दार ओढलं. ते इतक्या सहज उघडलं की मी मागे पडलो.

ममता ओसरीत उभी होती. तिचा चेहरा रागाने लाल झालेला.

"कोठे गयथात तुम्ही दोन्ही? मी पाच हाका मार्‍यात. दोनदा आत ईसन पाही गऊ."

"दार बंद व्हतं," मी म्हणालो.

"दार सताड उघडं व्हतं, आबा. खोलीमा कोणीच नव्हतं. टेबलवर लॅपटॉप बी नव्हता. माले वाटनं, वावरमा गयात."

काजलने मान खाली घातली. आम्ही जेवायला बसलो. मला घास गेला नाही.

तिचा नकाशा वेळेत पोहोचला. सरांनी कौतुक केलं. शिक्षण पुढे चालू राहिलं.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "बटण आधी दाबाई गयं का मशीन आधी बंद झायं?"

ती म्हणाली, पडदा काळा झाला तेव्हा घड्याळ दिसत नव्हतं. बंद झाल्याचा निरोप यायला हवा होता, तो आला नाही. कदाचित मशीनच त्याआधी गेलं असेल. कदाचित नसेल.

तिसऱ्या दिवशी आम्ही म्हसावदला गेलो. का जातो आहोत हे ममताला सांगितलं नाही. नवल माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण काठी घेऊन चालत होता. त्याची बायको चहा करायला आत गेली.

अंगणात नवी घागर होती. वरचं डांगर सुकून गेलं होतं. घागर काठोकाठ भरलेली. आखाजीनंतर तीन दिवस, त्या उन्हात, मातीच्या घागरीतलं पाणी बोटभरही कमी झालेलं नव्हतं.

"आगारी पेटनीच नही," नवल म्हणाला. "तीनदा तूप टाकं. नुसता धूर बी नही निंघना. माले वाटनं, पोऱ्या रुसना मन्हावर."

मी जमिनीकडे पाहत राहिलो.

मग तो काजलला म्हणाला, "पोरी, त्यानं काम तुन्हाकडे शे असं सर बोलनात. निंघाना आधी त्याना माले फोन उना व्हता, माले तो दादाच म्हणे. 'दादा, मशीन चालू सोडेल शे, घर ईसन बंद करसू.' ते कोणी बंद करं का?"

काजलने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

"हो काका," ती म्हणाली. "बंद करं. मीच करं."

नवलने दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि किती तरी वेळ सोडलं नाही.

मशीनं आठवड्याने पुन्हा चालू झाली. तिथं कोणाकोणाचे डेस्कटॉप उघडे आहेत, याची यादी मागता येते. एक ओळ टाईप करायची, नावं समोर येतात. इतक्या दुरुस्तीनंतर त्या यादीत जुनं काही उरू नये, असं काजल सांगते.

ती ओळ तिने अजून टाईप केलेली नाही. पडदाही ती आता मागत नाही. काळ्या चौकटीत अक्षरांवरच काम करते. एकदा म्हणाली, "आबा, पाही लेऊ का एकदा?" मी म्हणालो, तुझी तू ठरव. तिने लॅपटॉप मिटला.

नवल दर महिन्याला तिला फोन करतो. अभ्यास कसा चाललाय, तब्येत कशी आहे, मुलीला विचारावं तसं विचारतो. ती कुठेही असली तरी फोन आला की उभी राहते. बोलणं संपेपर्यंत बसत नाही.

सुट्टीत घरी असली आणि फोन आला, की मीही उठून उभा राहतो.